दादाची बोट, आमचं पाणी

मी बोट बघायला गेले नव्हते. बोटीवर कापड उघडायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुठल्या लाकडाचं, पितळेचं कौतुक केलं तर कुणी गैरसमज करून घेऊ नये.

कापड मांजरपाटाचं होतं. त्यावर लाल रंगात दोन वाक्यं: हे पाणी आमच्या धरणाचं. आमच्या गावात टँकर. वाक्यं माझीच. आमच्या पाण्याच्या समितीत पत्रकं मी लिहिते. आम्ही शहापूर-मुरबाडची पोरंपोरी, शहापूरच्या एसटी स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर बसून ठरवतो काय करायचं ते. तिथं मी एक गोष्ट शिकले. पत्रकात रडायचं नाही. कोण, काय, कुणाचं, एवढं लिहायचं आणि खाली मागणी.

आता कोण आणि काय ते इथंही लिहिते. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढं. आईचं माहेर शहापूर तालुक्यात, धरणाच्या काठावर. काठावर म्हणजे आता काठावर. आई परकरात होती तेव्हा ते गाव खाली होतं. धरण झालं, गाव बुडालं आणि माणसं वर माळावर येऊन राहिली. त्या धरणाचं पाणी मुंबईला जातं. माझ्या मामाच्या गावात होळी झाली की बाया टँकरची वाट बघत रस्त्यावर हंडे मांडतात. पाणी खाली दिसतं, चमकतं, आणि नळाला येत नाही. मी हे इतक्या वेळा लिहिलंय की लिहिताना हात आपोआप चालतो. राग मात्र आपोआप येत नाही, दर वेळी नवा येतो.

आणि दादा. माझा थोरला भाऊ. तो बोटीवर नोकरीला. बोट कसली, म्हातारी आहे ती. पूर्वी एका खंडातून दुसऱ्या खंडात माणसं पोचवायची, विमानं स्वस्त झाली तशी तिला रंगवून, नटवून मजेच्या सफरींना लावली. मुंबईहून निघायचं, समुद्रात नाचायचं, खायचं आणि परत मुंबईला उतरायचं. दादा तिथं लॉन्ड्रीत होता. लॉन्ड्री बोटीच्या पोटात, समुद्राच्या पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही. वाफ, साबण आणि चादरी. तीन करार त्यानं तिथं काढले. मानेवर, काखेत घामोळ्यांचे चट्टे घेऊन घरी यायचा आणि अंगणात खाट टाकून नुसता आभाळाकडं बघत पडायचा. आईनं विचारलं, "समुद्र कसा असतो रे?" तर म्हणाला, "मला काय म्हाइत. मी बोटीवर असतो."

त्याला डेकवर जायचं होतं. रंग मारायचा, दोर ओढायचे, गंज खरवडायचा, पण वर, उजेडात. त्याचा कोर्स त्यानं सुट्टीत केला होता. डेकच्या माणसांचा जो मुकादम असतो त्याला बोसन म्हणतात. या बोसननं शब्द दिला होता की बघतो. पुढच्या फेरीच्या आधी तो सांगणार होता, हो की नाही. नाही म्हणाला तर दादा परत लॉन्ड्रीत जाणार नव्हता, पडघ्याच्या गोदामात पेट्या उचलायला जाणार होता. तसं त्यानं आईला सांगून टाकलं होतं. त्याच्या आवाजावरून आईला कळलं होतं की तो खरंच जाईल.

बोट मुंबईला लागते तेव्हा एखाद्या दिवशी घरच्यांना आत नेता येतं, प्रवासी चढायच्या आधी. पाहुण्यांनी काही केलं तर जबाबदारी नेणाऱ्याची. दादानं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी स्पीकरवर ऐकत होते. समितीत सांगितलं तर सगळे उठूनच उभे राहिले. बोटीवर पोहायचा तलाव असतो! आमच्या पाण्यात पोहतात! तिथं कापड धर, फोटो पाठव, बाकीचं आम्ही बघतो. मी हो म्हटलं. जबाबदारी कुणाची ते मला माहीत होतं. तरी हो म्हटलं. मामाच्या गावातली बाई पहाटे रस्त्यावर बसते ती जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटत होता. अजून वाटतो.

एप्रिलचा महिना. गावातल्या एकाची इको गाडी कल्याणपर्यंत जात होती, तिच्यात आई आणि मी बसलो. कापड मी कुडत्याच्या आत पोटाला गुंडाळलं होतं. वर ओढणी. टोकावड्याच्या पुढं आईनं माझ्याकडं नीट बघितलं.

"गो, पोट कधीपासून सुटलं तुझं?"

"उन्हाळ्यानं फुगलंय."

"सकाळी भाकरी कमी खा म्हटलं तर ऐकत नाय."

गोदीच्या गेटवर पहिली धडधड. सामान पट्ट्यावर, माणसं कमानीतून. कापडाला कमान वाजत नाही हे मला माहीत होतं, तरी मी ओढणी दोनदा सारखी केली. अडकली आई. तिच्या पिशवीत सुकटीची चटणी आणि भाकऱ्या, त्या त्यांनी सोडल्या. पाण्याची बाटली नाही सोडली.

"बाहर का पानी अलाऊड नहीं. उधर डाल दो," गार्ड म्हणाला.

"डाल दो म्हणजे?" आईनं मला विचारलं.

"ओतून दे म्हणतायत."

"ओतून?" आईनं गार्डकडं असं बघितलं, जणू त्यानं कोंबडी मारायला सांगितली होती. मग तिथंच उभी राहून, बाटली वर धरून, तिनं ती अख्खी पिऊन संपवली. मागं रांग लागलेली. गार्ड घड्याळ बघत होता. तिनं पदरानं तोंड पुसलं, रिकामी बाटली पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "चला."

या गडबडीत माझ्याकडं कुणी बघितलंच नाही.

बोट धक्क्याला लागून उभी होती आणि तिला बघायला मान मागं टाकावी लागत होती. खोटं कशाला बोलू, मी थबकले. आजकालच्या त्या सोसायटीच्या बिल्डिंगींसारख्या बोटी असतात तशी नव्हती ती. लांब होती, पुढं निमुळती, पोटाशी गोल. खालचं अंग काळं, वर पांढरं आणि मध्ये कुठंकुठं रंगाखालून जुन्या रिव्हिटांच्या टिकल्या दिसत होत्या. दादा दारात उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस ओले करून बसवलेले. आईच्या पाया पडला, माझ्या डोक्यात टपली मारली.

"जाडी झालीस गो."

"तुझ्या बोटीचं खाऊन नाय झाले."

"आधी नीट बघ तरी. मग भांड."

त्यानं दाखवलं आणि मी बघितलं. खालून सुरुवात केली नाही त्यानं. त्याची जागा त्याला दाखवायची नव्हती. एकदम मधल्या डेकवर नेलं. आई डेकला माळा म्हणत होती. "हा कितवा माळा रे?" या माळ्यावर बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाकलेला लांब व्हरांडा, खाली सागवानी फळ्या. फळ्यांमध्ये काळ्या डांबराच्या रेघा, पायानं घासून घासून लाकूड उशीसारखं गुळगुळीत झालेलं. आणि जमीन सपाट नव्हती. पुढच्या टोकाकडं हळूहळू चढत जात होती, जसं आमच्याकडं खाचरातून बांधावर चढतो तसं. आईला ते लगेच पायात कळलं. "जमीन उताराची आहे," म्हणाली. दादा खूश झाला. "जुन्या बोटी अशाच बांधायच्या, आई. लाट आली की नाक वर."

मग मोठा दिवाणखाना. वर काचेचा घुमट, भिंतीला अक्रोडासारख्या रंगाच्या फळ्या, आणि खाली जुगाराची मशिनं, ओळीनं, लाल-हिरवे दिवे लुकलुकत. एकेकाळी इथं बँड वाजायचा म्हणे. पुस्तकांची खोली होती, तिचं परफ्यूमचं दुकान झालंय. कपाटांच्या काचा त्याच, आत बाटल्या. जिन्याच्या कठड्याचं पितळ हातांनी इतकं झिजलेलं की मधल्या जागी बारीक झालं होतं. मी हात लावला. गार होतं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. समितीच्या ग्रुपवर: पोचलीस का? मग लगेच: तलाव दिसला का?

जिन्याच्या वळणावर चौकटीला दोन जाड बिजागऱ्या दिसल्या. दार नव्हतं. बिजागऱ्यांवर इतके रंगाचे थर की त्या फोडासारख्या वाटत होत्या.

"इथं काय होतं?"

"गेट होतं. आधी वर्ग होते ना, पहिला, दुसरा, तिसरा. खालच्यानं वर यायचं नाय. रात्रीचं कुलूप लावायचे."

"आणि आता?"

"आता काढलं."

"आता तू या जिन्यानं वर येऊ शकतोस? रोज?"

"आज येऊ शकतो. पाहुणे आहेत."

"मग काढलं कुठं? रंग दिलाय नुसता."

"तू पत्रक लिव. मी आईला स्वयंपाकघर दाखवतो."

तो हसून बोलला, पण आई पुढं गेल्यावर मागं वळून हळू आवाजात म्हणाला, "आज नको गो. आज बोसन सांगणार आहे. आज फक्त गोड बोल." त्याच्या कपाळावर घाम होता, एसीत. कापड पोटावर चिकटलं होतं आणि श्वास घेतला की काचत होतं.

सगळ्यात वरच्या डेकवर उन्हाचा भपका आला. होड्या टांगलेल्या, नारिंगी. दोन माणसं कठडा खरवडत होती. आणि मधोमध तलाव. मोठा नव्हता. आमच्या शाळेच्या वर्गाएवढा असेल. पण काठोकाठ भरलेला, निळा, कडेच्या पांढऱ्या फरशीवर पाणी हलकेच चढत होतं, परत जात होतं. आसपास कुणी नाही. खुर्च्या रिकाम्या. मला मामाच्या दारातला सिमेंटचा हौद दिसला, तळाला बोटभर पाणी आणि त्यात मेलेली पाल. माझा हात आपोआप कुडत्याकडं गेला.

दादानं मला दंडाला धरून होडीच्या मागं ओढलं. कुडत्याच्या कडेखालून मांजरपाटाचं टोक बाहेर आलं होतं आणि त्यावर लाल रंग.

"काय आहे हे?"

"कापड."

"कसलं?"

"वाचशील ना उघडल्यावर."

त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुला म्हाइत होतं," तो म्हणाला, "जबाबदारी माझी आहे. तुला म्हाइत होतं आज काय आहे. तरी?"

"मामाच्या घरी टँकर कधी आला शेवटचा, तुला म्हाइत आहे का?"

"मला नको सांगू टँकर. मी पण त्याच रांगेत उभा राहिलोय. तू पाळण्यात होतीस तेव्हा मामाकडं आईबरोबर हंडा मी धरायचो."

"मग तुला राग कसा येत नाय रे?"

"येतो. राग येतो म्हणून मी खाली जाऊन वाफ खाऊ काय अजून? हे बघ." त्यानं शर्टची कॉलर खाली ओढली. मानेवर चट्टे होते, काही फुटलेले. "उघड कापड. आत्ता उघड. संध्याकाळपर्यंत मी बॅग घेऊन गेटवर असेन. पण आईला तूच सांग का ते."

आई तलावाच्या कडेला उभी राहून आत बघत होती. आम्ही दोघांनीही तिकडं बघितलं.

फोन थरथरत होता. मी तो काढला नाही. मी म्हटलं, "बरं. कापड नाय उघडत. पण ओंजळभर पाणी पिते त्यातलं. आई फोटो काढेल. पाणी पिणं गुन्हा आहे का?"

हे मला तिथं सुचलं आणि सुचल्याबरोबर पटलं. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली लहानपणापासून ऐकत आलोय. आपल्या माणसांनी तळ्यावर जाऊन पाणी पिऊन दाखवलं, एवढंच केलं, आणि तेवढ्यानं सगळं हललं. घोषणेपेक्षा ओंजळ मोठी. फोटोही चांगला आला असता.

दादा माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "पी," म्हणाला.

मी आईच्या हातात फोन दिला. "हा पांढरा गोल दिसतो ना, तो दाबायचा. मी प्यायला लागले की."

"इथलं कशाला पितेस गो? दादाला सांग, ग्लासात देईल."

"आई, तू दाब."

मी गुडघ्यावर बसले, ओंजळ भरली, मान वर करून फोनकडं बघितलं आणि मोठा घोट घेतला.

खारं. नुसतं खारं नाही, खारं आणि औषधाचं. घशातून अर्धं खाली गेलं आणि अर्धं नाकातून बाहेर आलं. मी खोकत खोकत फरशीवर बसले. कठडा खरवडणारी माणसं थांबली. आई ओरडली, "काय झालं गो?" आणि फोन तिनं तसाच माझ्यावर रोखून धरलेला. नंतर बघितलं तर सगळ्या फोटोंत तिचा अंगठा होता.

"समुद्राचं आहे ते," दादा म्हणाला. "बाहेर गेलो की भरतात. मीठ मारायला औषध नाय टाकत, जंतू मारायला टाकतात."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

माझ्या पोटावर ते कापड होतं. हे पाणी आमच्या धरणाचं. उघडलं असतं तर फोटो सगळीकडं गेला असता आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी लिहिलं असतं की बाई, तलाव खारा आहे. दादाची नोकरी गेली असती ती एका खोट्या वाक्यासाठी.

"क्या हो रहा है?"

जाड्या बुटांचा माणूस. पिकलेल्या मिशा, छातीवर शिट्टी. दादा ताठ झाला तेव्हाच कळलं, बोसन.

"सर, माझी बहीण. मेरी बहन. उसको प्यास लगी थी."

"तो स्विमिंग पूल का पानी पी गई?" बोसन हसला, हसता हसता थांबला, माझ्याकडं नीट बघितलं. माझी ओढणी बाजूला झाली होती. मी ती पोटावर ओढून घेतली. त्यानं कोपऱ्यातल्या बारकडं बघून हाक मारली. एक पोरगी ग्लास घेऊन आली. बर्फ, आणि कडेला लिंबाची चकती. मी पिऊन टाकलं. गोड होतं, आपलं होतं. तोंडाला लागल्याबरोबर कळतं ते, मामाकडच्या पाण्याची चव अशीच, टँकरमधून आलं तरी.

"ये मीठा पानी किधर का?" मी विचारलं. दादानं डोळे मिटले.

"यहीं का. बंबई में भरते हैं. वो देखो."

त्यानं कठड्यापलीकडं बोट दाखवलं. खाली धक्क्यावर एका खांबापासून जाड नळी निघाली होती आणि बोटीच्या कुशीतल्या एका दारात गेली होती. फुगलेली, ताठ. मधूनच जराशी हलत होती. त्यातून पाणी आत जात होतं. पिण्याला, अंघोळीला, आणि खाली लॉन्ड्रीत चादरी धुवायला. म्हणजे माझा दादा तीन करार आमचंच पाणी साबणात घालून दुसऱ्यांच्या चादरी धूत होता. मी कठडा धरून उभी राहिले. आता जागा बरोबर होती. नळीच्या बरोब्बर वर. गाठ सोडायला किती वेळ लागला असता? एक ओढ.

दादा माझ्या हाताकडं बघत होता. त्या क्षणी त्यानं "नको" म्हटलं असतं तर मी कदाचित उघडलंही असतं. मला कुणी नको म्हटलं की होतं तसं. तो नुसता बघत राहिला. मी हात कठड्यावरच ठेवला.

आणि मग आई बोलली.

"साहेब, ये पानी हमारा है."

बोसन वळला. "क्या?"

"हमारा. ये जो नळीमें है."

"अरे आई," तो हसला, "पूरे बंबई का पानी कहीं न कहीं का है."

"कहीं न कहीं का नाय. धरण का. मेरा घर उसके नीचे है." आई हिंदी बोलते ती अशी, धसईच्या बाजारात भैयाशी भाव करताना बोलते तशी, आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात. "मेरा चूल नीचे है. बापाचा गोठा नीचे. भाई ऊपर रहता है, उसको पानी नाय. टँकर आता है तो आता है, नाय तो नाय."

कठडा खरवडणाऱ्यांचे हात थांबले होते. बोसनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो आईशी नाही, दादाशी बोलला. "तेरी माँ कंप्लेंट कर रही है? मेरे शिप पे आके?"

मी लिहिते, बोलते, भांडते. पण त्या वेळी मी कठडाच धरून राहिले. मला वाटलं, गेलं. कापड न उघडता गेलं. दादाकडं बघवेना. त्याला एवढंच म्हणायचं होतं: नाही सर, तिला काही कळत नाही, गावची बाई आहे. सगळ्यांनी समजून घेतलं असतं. मीसुद्धा.

दादा म्हणाला, "कंप्लेंट नहीं, सर. सच है."

"क्या सच है?"

"जो बोल रही है. मैं भी उधर लाइन में खड़ा रहा हूँ."

बोसननं शिट्टी बोटात धरून फिरवली. खाली नळीकडं बघितलं. आईकडं बघितलं. आई त्याच्याकडंच बघत होती, पाण्याचा भाव ठरत असल्यासारखी. इंजिनाची घरघर फळ्यांमधून पायात येत होती.

"तू लॉन्ड्री में कितना टाइम से है?"

"तिसरा कॉन्ट्रॅक्ट, सर."

"पानी का होज़ लॉन्ड्री वाला नहीं पकड़ता. डेक वाला पकड़ता है." त्यानं खरवडणाऱ्यांपैकी एकाला हाक मारली. "इसको बॉयलर सूट दे. टंकी भर गई तो होज़ ये छुड़ाएगा." मग दादाकडं वळून, "तेरी माँ का पानी है ना? एक बूँद गिरा तो वापस नीचे."

आणि तो निघून गेला. जाताना आईला त्यानं मान लवून नमस्कार केला की नुसती मान हलवली, यावर आमच्या घरात अजून वाद आहेत. त्यानं काम दिलं की टोमणा मारला, तेही मला नक्की सांगता येणार नाही. दादाला विचारलं तर तो म्हणतो, "मला वर घेतलं ना? बस."

आम्हाला लगेच उतरायला लावलं. वेळ संपली होती. धक्क्यावरून गेटकडं जायला छोटी बस होती, तिची वाट बघत आम्ही उन्हात उभ्या राहिलो. तेवढ्यात बोटीच्या कुशीतलं दार दिसलं आणि त्यात दादा. नारिंगी बॉयलर सूट, त्याला मोठा, बाह्या दुमडलेल्या. शेजारी एक माणूस हातानं खुणा करत होता. खांबावरचा कॉक कुणीतरी बंद केला. नळी सैल पडली. दादानं तिचं तोंड फिरवलं, सोडवलं आणि घाईनं वर उचलून छातीशी धरलं, आतलं पाणी टाकीकडं जावं म्हणून. तरी सांडलं. पांढरी धार त्याच्या बुटांवर पडली आणि धक्क्याच्या कडेवरून समुद्रात गेली. त्यानं झटकन मान वर केली, बोसन बघतोय का म्हणून. त्याला आम्ही दिसलोच नाही.

"बूट भिजले त्याचे," आई म्हणाली. मग जरा वेळानं, "पण ऊन मिळालं."

माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आनंदाचं नव्हतं. माझा भाऊ उजेडात आला म्हणून मला बरं वाटत होतं. आणि तो ज्या कामानं उजेडात आला ते काम बघून मला कुणालातरी मारावंसं वाटत होतं. दोन्ही खरं. पत्रकात दोन्ही बसत नाही, म्हणून इथं लिहिते.

समितीत माझ्यावर दोन बैठका झाल्या. संधी घालवली, घरच्यांना पुढं केलं, भावाची नोकरी जपली. मी म्हटलं, हो, जपली. दुसऱ्याच्या भावाच्या नोकरीवर पाय देऊन फोटो काढायचा असेल तर मला बोलवू नका. एकानं विचारलं, "मग पाण्याचं काय?" मी म्हटलं, "बोटीवरच्या माणसांना आता माहीत आहे ते कुणाचं. मुंबईतल्या किती जणांना आहे?" बैठक तिथंच संपली. आणि मीही समाधानानं घरी गेले असं नाही. मामाच्या गावचा नळ तसाच होता.

दादा डेकवर टिकला. चट्टे गेले, तोंड काळं पडलं. बोट मुंबईला लागली की नळी तोच जोडतो, तोच सोडवतो. फोन करतो तेव्हा वाऱ्याचा इतका आवाज असतो की अर्धं ऐकू येत नाही. पूर्वी पहिल्यांदा आईची चौकशी करायचा. आता मी हॅलो म्हटलं की वाऱ्यातून ओरडून विचारतो, "मामाकडं आला का टँकर?"

बहुतेक वेळा मला नाही म्हणावं लागतं. मग तिकडून नुसता वारा ऐकू येतो.